वाट चुकणाऱ्या बाईची लेक

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे आणि माझं डोकं ठिकाणावर आहे, निदान आजवर जेवढं होतं तेवढं तरी. रोज एका टेबलाशी बसून जेवतो आपण, मग आईला हे पत्राचं खूळ कुठून सुचलं असं तुला वाटेल. पण समोर बसल्यावर तू मला बोलू कुठे देतेस? मी तोंड उघडलं की "आई, ते मी बघते" म्हणतेस आणि विषय गुंडाळून ठेवतेस. कागद मधेच तोडत नाही. तेव्हा आज मी बोलणार आणि तू ऐकणार. वाचता वाचता चिडलीस तरी चालेल, मला दिसणार नाही.

तर पहिली गोष्ट. त्या लांबच्या शहरातल्या मोठ्या संस्थेनं तुला बोलावलंय आणि तू त्यांना नाही म्हणणार आहेस, हे मला कळलंय. मला तू काय सांगितलंस? तिकडची हवा मानवायची नाही. अगं, ऐन थंडीत ओल्या केसांनी खिडकीत बसून परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी तू, कधी साधी शिंकली नाहीस, आणि आता तुला हवा मानवत नाही? मला खरं कारण तुझ्या प्रयोगशाळेतल्या मॅडमकडून कळलं. कोटाचं माप बघायला आल्या होत्या. मी त्यांचा खांदा बसवत होते, तोंडात टाचण्या होत्या, आणि त्या आपल्या बोलत सुटल्या. समजवा हो तिला, म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार झालेत ते, असं कुणासाठी कुणी थांबतं का? विचारलं तर म्हणते, घरची अडचण आहे. आता आपल्या घरात माणसं किती? तू आणि मी. तू काही अडचण नाहीस. मग उरलं कोण, हे कळायला तुझ्याएवढं शिकावं लागत नाही. तोंडात टाचण्या होत्या म्हणून मी गप्प बसले, आणि ते बरंच झालं. कोटाचा डावा खांदा मात्र त्या दिवशी पुन्हा पुन्हा उसवावा लागला.

तर ही अडचण कशी आहे ते तुला पाठ आहे, पण आज ते माझ्या शब्दांत ऐक. गणवेश शिवायच्या आपल्या वर्कशॉपमध्ये मी कापड कापते, आणि माझ्याइतकं चांगलं तिथे कुणी कापत नाही. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतेय, कारण खरं आहे. सपाट कापड टेबलावर पसरलं की मला त्यात बाही दिसते, कॉलर दिसते, तो कपडा घालून उभा राहिलेला माणूससुद्धा दिसतो. सगळे मला उगाच मास्तरीण म्हणत नाहीत. आणि तीच मास्तरीण वर्कशॉपच्या दारातून बाहेर पडली की संपलं. डावीकडे गेल्यावर परत येताना उजवीकडे वळायचं, हे लोकांना कसं काय समजतं, मला आजतागायत कळलेलं नाही. हॉटेलात हात धुवायला गेले की परत आपलं टेबल सापडत नाही. तुझ्या बाबांना लग्नाआधी यातलं काही माहीत नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी कोपऱ्यावरून पाव आणायला गेले. बराच वेळ झाला तरी येईना म्हणून ते शोधायला निघाले, तर शेजारच्या गल्लीत एका परक्या दाराच्या कुलपात मी आपली किल्ली घालून खटपट करत होते आणि आतला माणूस घाबरून कोण आहे, कोण आहे म्हणून ओरडत होता. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. रस्त्यानं जाताना बायका बघायच्या, म्हणायच्या, या वयात काय प्रेम आहे बाई! प्रेम होतंच. पण हात सोडला असता तर मी कुठल्या कुठे गेले असते, हेही होतं.

ते कामावर गेले की मग तू. तेवढीशी होतीस. पुढे पळायचीस, वळणावर जाऊन बघायचीस, परत यायचीस, पुन्हा पुढे. म्हणून तर भिंगरी. मी वाट चुकले की तुला सांगायची, आज आपण मुद्दाम लांबून चाललोय हं, मज्जा. तुला ते बरेच दिवस खरं वाटलं. मग एकदा मंडईच्या त्या मोठ्या छपराखाली आपण त्याच भाजीवाल्यासमोरून पुन्हा पुन्हा गेलो, तेव्हा तू थांबलीस, कमरेवर हात ठेवलेस आणि म्हणालीस, "आई, तुला माहीतच नाहीये ना?" मी हसले. तू नाही हसलीस. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये माझ्या टेबलाखाली पडलेल्या कापडाच्या चिंध्या गोळा केल्यास आणि घरापासून शाळेपर्यंत जिथे जिथे वळायचं तिथल्या कठड्यांना, खांबांना बांधून टाकल्यास. डावीकडे वळायचं तिथे निळी, उजवीकडे तिथे लाल. काय ऐट होती माझी! महिनाभर मी राणीसारखी एकटी ये-जा केली. मग एके दिवशी सफाईवाल्यांनी रस्ता साफ केला आणि त्याबरोबर माझी वाटही. शाळा सुटून सगळी मुलं गेली तरी मी आले नाही, तेव्हा तू एकटी निघालीस आणि अर्ध्या वाटेवर मला गाठलंस. रडली नाहीस. विचारात पडली होतीस. मला म्हणालीस, खूण काढून टाकली तरी चालेल असं काहीतरी पाहिजे. एवढ्याशा मुलीचं हे वाक्य मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. काजेवाली, ती माझ्या शेजारी बसून काजं करते ना, तीच तेव्हा म्हणाली होती, ही मुलगी पुढे काहीतरी करणार. तिला तेवढं श्रेय देऊन टाकते.

मग तू शिकत गेलीस आणि मला त्यातलं अर्धं कळत गेलं. अर्धं म्हणजे कमी नाही, मॅडमनासुद्धा सगळं कळत नसणार. उंदराच्या डोक्यात म्हणे काही पेशी अशा असतात की खोलीतल्या एका ठरावीक जागी तो आला की त्यातली एक जागी होते, दुसऱ्या जागी आला की दुसरी. आणि आणखी काही पेशी अशा की त्या सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा जाग्या होतात, सगळ्या जागा कागदावर मांडल्या तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी उमटते. अंधार केला, खुणा काढून टाकल्या, तरी उंदीर आपण किती चाललो, कुठे वळलो याचा हिशोब मनातल्या मनात ठेवतो आणि सरळ आपल्या बिळाकडे जातो. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, म्हणजे मी उंदराहूनही गेलेली. तू लगेच मला मेंदूचं चित्र काढणाऱ्या त्या मोठ्या नळीसारख्या यंत्रात झोपवलंस. काय तो खडखडाट! बाहेर आल्यावर तू म्हणालीस, सगळे भाग जागच्या जागी आहेत आई, कुठे काही बिघडलेलं नाही, फक्त ते एकमेकांशी नीट बोलत नाहीत, जन्मापासूनच असणार. मला एवढं हलकं वाटलं तुला सांगू. आयुष्यभर लोक म्हणत आले की हिचं लक्ष नसतं, ही वेंधळी. वेंधळी माणसं कोट कापत नाहीत. हाताच्या अंतरातली जागा डोकं एका तऱ्हेनं सांभाळतं आणि पाऊल टाकून जायची जागा दुसऱ्या तऱ्हेनं, हे तू समजावलंस, आणि त्यातली पहिली तऱ्हा माझ्याकडे इतरांपेक्षा जास्तच आहे हेही सांगितलंस. ते शेवटचं तू माझ्या समाधानासाठी म्हणालीस की खरंच आहे, ते मी विचारलं नाही. खरंच असणार.

आणि मग तुझा तो ठोंब्या. तू त्याला काहीतरी भारदस्त नाव देतेस, मी ठोंब्याच म्हणणार. त्याला ना हात ना पाय, नुसता संगणकात राहतो, पडद्यावर आपल्याला ठिपका दिसतो. भूलभुलैयात सोडलं की भिंतींवर डोकं आपटत फिरतो. त्याला कुणी वाट सांगत नाही, फक्त आता किती वेगानं गेलास आणि किती वळलास एवढं कळवायचं. आपटून आपटून तो शिकतो. आणि एका रविवारी तू मला दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवलीस. एक खऱ्या उंदराच्या डोक्यातलं, एक ठोंब्याच्या आतलं. ओळख कुठलं कुणाचं, म्हणालीस. एकदा बघितलेली कापडावरची नक्षी मी विसरत नाही, पण ही दोन मला वेगळी करता आली नाहीत. दोन्हीकडे तेच पोळं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं गं ते! वाट शोधायची गरज पडली म्हणून त्याच्या आत आपोआप उगवलं. तू खुर्चीत पाय वर घेऊन बसली होतीस, नखं खात होतीस, आणि तुझा चेहरा असा काही झाला होता की मला तुझे बाबा आठवले. तेव्हा मी उठून आत गेले ते चहाचं बघायला नव्हते गेले.

मग मला त्या भूलभुलैयात खेळायला बसवलंस. पाठ केलेल्या वाटेनं मी ठोंब्याच्या बरोबरीनं गेले, खोटं नाही. पण तू मधेच एका भिंतीत दार उघडलंस, तर तो पठ्ठ्या त्यातून सरळ निघून गेला आणि मी आपली जुन्या वाटेनं वळसा घालत राहिले. तिथे मी हरले, मान्य. पण नंतर तू एक खोडी केलीस. ठोंब्या अर्ध्या वाटेत असताना त्याला उचललंस आणि भलत्याच कोपऱ्यात नेऊन ठेवलंस. बिचाऱ्याला पत्ताच नाही! आपण अजून तिथेच आहोत या भरवशावर निघाला तो थेट भिंतीत. परत तसाच, परत भिंतीत. काय तो आत्मविश्वास! मी पोट धरून हसले. म्हटलं, याच्यापेक्षा मी शहाणी, मला स्वतःच्या दारातसुद्धा खात्री नसते, मी आधी थांबते, आजूबाजूला बघते, कुणाला तरी विचारते. तू हसली नाहीस. मंडईत बघितलं होतंस तसं माझ्याकडे बघितलंस आणि पुढे कितीतरी दिवस जेवताना माझ्याशी धड बोलली नाहीस.

त्यानंतर जे झालं ते तुझं काम, तुझी मेहनत. ठोंब्याला तू संशय घ्यायला शिकवलंस. समोर काय दिसायला हवं आणि काय दिसतंय यातलं अंतर वाढलं की त्यानं थांबायचं, जागच्या जागी फिरून बघायचं, आपण कुठे कुठे असू शकतो याचे चार अंदाज मनात धरायचे, आणि थोडं थोडं चालून त्यातले चुकीचे गाळत जायचं. त्यावर तुझा निबंध छापून आला, लांबलांबची माणसं त्यावर बोलायला लागली, आणि त्यातूनच हे बोलावणं आलं. निबंधाच्या शेवटी आभारात माझा उल्लेख नाही, ते मी बघून घेतलंय. चालेल. मी वर्कशॉपमध्ये सांगायचं तसं सांगितलेलं आहे.

आता तू नाही का म्हणतेस, तेही मला माहीत आहे. गेल्या हिवाळ्यातली ती संध्याकाळ. रस्ता खणला होता म्हणून बस दुसरीकडून वळली, माझ्या सगळ्या खुणा गेल्या, मी शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिले आणि फोनची बॅटरी संपली. तू मला त्या बस डेपोत शोधून काढलंस तेव्हा माझा दंड धरलास तो घरी पोचेपर्यंत सोडला नाहीस. घाबरली होतीस ती तू, मी नव्हे. मी कंडक्टरच्या केबिनमध्ये चहा पीत होते आणि त्याच्या गणवेशाची बाही का ओढली जाते ते त्याला समजावत होते. पण ते तुला दिसलंच नाही. तुला दिसली ती हरवलेली आई. तेव्हापासून तू बाहेरगावच्या सभांना जायचं सोडलंस, संध्याकाळी मला घ्यायला यायला लागलीस, आणि आता ही नोकरी. मला बरोबर नेते असंही तुला म्हणता येत नाही, कारण मी येणार नाही हे तुला माहीत आहे. माझं टेबल आपल्या शहरात आहे, माझी कात्री तिथे आहे, तिथल्या वाटा मी आयुष्यभर खपून पाठ केल्यात. नव्या गावात मला पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागेल आणि मी आता कुठल्याही पहिलीत बसणार नाही.

पण बाळा, एक सांग. हरवलं म्हणजे काय होतं? मला एवढ्या वर्षांत कोल्ह्यानं नेलं का? हरवलं की उशीर होतो. बास. तू ठोंब्याला चुकायची मुभा दिलीस म्हणून तो हुशार झाला, आणि मला मात्र दोरीनं बांधून ठेवतेस.

म्हणून मी एक उद्योग केला. तुला सांगितलं की दोन दिवस काजेवालीकडे राहायला जातेय. गेले नाही. तुझ्या फोनवर मी कुठे आहे ते दिसतं, ते मी तिच्याकडून आधीच बंद करून घेतलं. काल तू विचारलंस, तुझा ठिपका दिसत नाहीये, तर मी म्हटलं हिच्या घरात नेट चालत नाही. बिचारी काजेवाली बरोबर यायला तयार होती, पिशवीसुद्धा भरून बसली होती. मी म्हटलं, तू आलीस तर मग काय उपयोग? आणि काल सकाळी एकटी गाडीत बसले.

कशी गेले ते ऐक. कपड्याचे तुकडे कापताना मी कडेला कात्रीनं छोटी खाच मारते, तुला माहीत आहे. शिवणारीच्या डोळ्यासमोर अख्खा कोट असायची गरज नसते. या तुकड्याची खाच त्या तुकड्याच्या खाचेला लावायची, शिवायचं, पुढचा तुकडा घ्यायचा. मी तशीच चालते. आपल्या स्टेशनातलं मोठं घड्याळ ही पहिली खाच, घड्याळाखाली उभं राहिलं की समोर जिना, जिन्यावरून खाली बघितलं की पिवळा खांब. गाडी बदलायची होती तिथे मात्र चुकीच्या दारानं बाहेर पडले आणि एका फुलवालीच्या समोरून इतक्यांदा गेले की शेवटी तिनं मला स्टूल दिलं. जायचं होतं ती गाडी गेली. पुढची आली. फोनमधली बाई मोकळ्या रस्त्यावर बरी वाट सांगते, तिचे उपकार मानायला हवेत, पण स्टेशनात आणि इमारतीत शिरलं की तीही माझ्यासारखीच गोंधळते. रात्री उतरले त्या लॉजवर आज सकाळी खोलीतून निघाले ती थेट चादरी ठेवायच्या कोठीत शिरले. तिथल्या बाईनं विचारलं, काय हवंय? म्हटलं, बाहेर जायचा रस्ता. तीही हसली आणि मीही. आज दुपारी, विचारत विचारत, एका भल्या मोठ्या काचेच्या इमारतीसमोर येऊन उभी राहिले. दारावरचं नाव मी दोनदा वाचलं. तुला आलेल्या त्या लिफाफ्यावर हेच नाव होतं.

आत बसलेल्या मुलीला म्हटलं, तुम्ही जिची वाट बघताय तिची मी आई, तुमची जागा बघायला आलेय. तिनं कुणाला तरी फोन केला आणि एक उंच, दाढीवाले गृहस्थ जवळजवळ धावतच आले. ते तुझे होणारे साहेब. तुझं नाव घेताना त्यांचा आवाज असा झाला की मी आपोआप ताठ उभी राहिले. सगळं दाखवलं त्यांनी. तुझी खोली पूर्वेला आहे, खिडकी मोठी आहे, पडदे भयंकर आहेत, ते मी शिवून पाठवीन. मग आम्ही लांबच लांब बोळातून चाललो होतो आणि समोरून एक चाकांचा डबा आला. सामान पोचवतो म्हणे इकडून तिकडे. बोळात कुणीतरी मधोमध कपाट आणून ठेवलं होतं. डबा कपाटाशी आला आणि थांबला. जागच्या जागी फिरला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. थोडा मागे गेला, पुन्हा थांबला. लोक बाजूनं जात होते, त्याला काही घाई नव्हती. मग बाजूच्या बोळात वळला आणि गेला आपल्या कामाला. साहेब म्हणाले, हे तुमच्या मुलीचं आहे, तिच्या निबंधावरून आम्ही याला शिकवलं, याआधी तो अशा वेळी आपटत बसायचा. मी काय करावं? एवढ्या शिकलेल्या माणसांच्या बोळात मी मोठ्यानं म्हटलं, माझ्या लेकीचं आहे हे! दोन-तीन दारं उघडली. उघडू देत. इतका अभिमान मला माझ्या कुठल्या कोटाचाही वाटला नव्हता, आणि माझे कोट कसे असतात ते तुला माहीत आहे.

आता मी त्यांच्या कँटीनमध्ये बसून हे लिहितेय. साहेब मला गाडीनं लॉजवर सोडतो म्हणत होते, मी नको म्हटलं. लिहून झालं की या पानांचे फोटो काढून तुला पाठवते. तू घाबरशील, रडशील, मग फोन करशील. मी उचलणार नाही. मी हे सगळं केलं ते तुझी जागा बघायला नव्हे, पडदे बघायला तर मुळीच नव्हे. आपल्या घरापासून तुझ्या नव्या दारापर्यंतची वाट मला एकटीला चालून बघायची होती, म्हणजे तू इथे राहायला आलीस की आई आपल्यापर्यंत पोचू शकते हे तुला कळावं. पोचते. चुकते आणि पोचते. मी उद्या परत यायला निघते. गाडी संध्याकाळी आपल्या स्टेशनात पोचते. स्टेशनवर यायचं नाही. मला उशीर झाला तर समज, कुठेतरी चुकलेय आणि विचारत विचारत येतेय. तेवढ्या वेळात तू बसून इथल्या साहेबांना कळवून टाक, की मी येते.

तुझीच, आणि आज स्वतःचीही,
आई